हाक न मारल्याबाबत

४ फेब्रुवारी, मोखाडा

चि. रंजनास,

विषय : पुंजाच्या कोंबडीने माझे हेल्मेट बळकावल्याबाबत.

महोदया, नम्र निवेदन असे की, अर्जदार तुळशीदास हा गेली बावीस वर्षे तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. अर्जदाराकडे एक थकलेली मोटारसायकल व एक हेल्मेट आहे. सदर हेल्मेट ओटीवर उलटे ठेवले असता शेजारी पुंजा याच्या तांबड्या कोंबडीने त्यात सात अंडी घातली आणि काल दुपारपासून ती त्यावर खुडुक बसली आहे. अर्जदार जवळ गेला की ती टोचते. डाव्या अंगठ्याचा पुरावा सोबत जोडता येत नाही, क्षमस्व.

पुंजाला बोललो. तो म्हणाला, "तुळशीभाऊ, माझी कोंबडी, पण हेल्मेट तुझं. मी तुझ्या हेल्मेटात कसा हात घालू?" कायद्याचं इतकं सूक्ष्म ज्ञान कचेरीत कुणाला नाही. आईकडे अपील केलं. ती म्हणाली, "आपल्या मनानं बसलीय ती. मनानं बसलेल्याला उठवायचं नाय." अपील फेटाळलं.

म्हणून मी रोज चालत बाजारात जातोय. हेल्मेटाशिवाय गाडी चालवली तर इथं कोण धरतंय म्हणा. पण लोकांना हेल्मेटसक्तीचे माफीअर्ज लिहून देणारा माणूस स्वतः बोडक्या डोक्यानं फिरला तर धंद्याची अब्रू जाते.

तू म्हणशील, एका शब्दात उठवली असतीस की. हो. आपल्या खापरआजोबापासून घशात हाक आहे. शिवेवर उभं राहून नाव घेऊन तीन वेळा मारली की ज्याला मारली त्याचे पाय घराकडे वळतात आणि उंबऱ्यापर्यंत थांबत नाहीत. चुकलेल्या गुरांसाठी आणि दहा वर्षांच्या आतल्या हरवलेल्या पोरांसाठी तिला मुभा आहे. जाणत्या माणसाला हाक मारायला बंदी. मी ती मोडली, म्हणून हाकाऱ्यांच्या पंचांतर्फे सखीआजीनं माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला आणि बारा वर्षं माझा आवाज ओटीवरून अंगणापर्यंतही जात नाही. एसटी सुटली तर मी कंडक्टरला ओरडू शकत नाही, नुसते हात हलवतो. लोकांना वाटतं, निरोप देतोय. हे सगळं तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, पण अर्जात पार्श्वभूमी लागते.

दिवाळीला एक पत्र मी पाठवायचं आणि तू उत्तर द्यायचं नाही, ही आपली व्यवस्था सुरळीत चालू आहे. हे पत्र अवेळी आहे याची जाणीव आहे. फोन केलेला नाही. "कागद चालेल, आवाज नको," ही तुझी अट पाळतो आहे. कागदाला सुकटीचा वास येत असेल तर तो कमूबाईचा. टेबलापासून चार पावलांवर तिची सुक्या मासळीची टोपली असते. कागदाच्या वासावरूनच साहेब ओळखतात की अर्ज कुणी लिहिलाय.

आई ठणठणीत. थोडा खोकला आहे.

उत्तराची अपेक्षा नाही. (शेवटी असं लिहायची पद्धत आहे.)

तुळशीदास


९ फेब्रुवारी, जव्हार

रंजना,

वर जव्हार वाचून दचकू नकोस, असं लिहिणार होतो. पण दचक.

मागच्या पत्रात 'थोडा खोकला' लिहिलं तेव्हा आईला आडवं झोपवत नव्हतं. पाठीला दोन उश्या आणि तांदळाची गोणी लावून ती बसून झोपत होती. पाच तारखेला पाय इतके सुजले की जोडवी कापावी लागली. जीपनं इथं सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई तरुण आहे, तुझ्याएवढीच. तिनं फोटो दाखवून सांगितलं, हृदय मोठं झालंय.

आई म्हणाली, "मोठं म्हणजे चांगलंच ना?"

बाई हसली. मग मला बाहेर नेऊन हसली नाही. गोळ्या रोज, मीठ बंद, काही महिने म्हणाली. किती ते सांगता येत नाही म्हणाली. मी वर्ष विचारलं तर तिनं खिडकीबाहेर बघितलं.

तू परिचारिका आहेस, यातलं तुला कळतं. गोळ्यांची नावं मागच्या पानावर उतरवली आहेत. हे मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाही.

(मागचं वाक्य मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं. त्याचं काय करायचं ते तू ठरव.)

काल अंगातलं पाणी उतरलं, आईला बोलायला दम आला. पहिलं वाक्य काय? "वीस तारखेला तुझी बारा वर्षं भरतात ना?"

मी म्हटलं, "भरतात."

"वांगणीला जा. सखीकडनं दोरा काढून घे. आन् पोरीला हाक मार."

"आई, बंदी आहे."

"तेव्हा नव्हती?"

"होती."

"तेव्हा मारलीस. माझ्यासाठी मारली म्हणालास. मला काय झालं होतं रं तेव्हा?"

शेजारच्या खाटेवरची बाई डोळे मिटून कान उघडे ठेवून पडली होती. मी उठून गाळणी शोधायला गेलो. दवाखान्यात गाळणीचं काम नव्हतं.

तारीख एकट्या आईच्या ध्यानात नाही. पंचायत समितीला उभा राहणारा तुषार परवा टेबलाशी आला. चहा पाजला, खारी खाऊ घातली. म्हणाला, "काका, दोरा निघाला की सभेला तीनशे डोकी पाहिजेत. नावांची यादी देतो. मतदार यादीच देतो." मी म्हटलं, हाक लागलेला माणूस आपापल्या घराकडे चालतो, तुझ्या मांडवाकडे नाही. तो म्हणाला, "मग मांडव त्यांच्या घरी टाकू." पोरगा पुढं जाईल. एका मुख्याध्यापकांनी तर गावात घर असून शहरात राहणाऱ्या सहा मास्तरांना सोमवारी सकाळी हाक मारण्याविषयी विचारणा केली. खरं सांगतो, त्या अर्जावर माझं मन क्षणभर डळमळलं.

बंदी का आली ते तुला आजोबांनी सांगितलं नसेल. तू लहान होतीस, आणि ते त्यांना सांगवत नसे. पूर्वी दिवाळीनंतर आपली माणसं वीटभट्टीवर जायची आणि मुकादम त्यांना आगोटीला, पावसाच्या तोंडावरही सोडायचा नाही. तेव्हा आजोबा शिवेवरून हाक मारायचे आणि घरंच्या घरं चालत परत यायची. आजोबा देवमाणूस ठरले. चार वर्षांनी मुकादम शहाणा झाला. त्यानं पलीकडच्या पाड्यावरचा एक हाकारी पैसे देऊन भट्टीवर नेला, भट्टीवर झोपडी बांधून तिलाच घराचा उंबरा ठरवला आणि तिथून चाळीस माणसांना हाका मारवल्या. माणसं भाताची कापणी टाकून निघाली. एकीच्या चुलीवर भाकर होती, एकीच्या पाळण्यात पोर. पोर वाचलं. मग सगळे हाकारी जमले आणि आजोबांनीच पहिल्यांदा हात वर केला, की जाणत्याला हाक नको. चांगल्यासाठीही नको. चांगलं कुणाचं, हे मारणारा ठरवतो ना, म्हणून.

हे सगळं ठाऊक असून मी तुला मारली. 

आई आता झोपली आहे. आडवी. 

तुळशीदास


१४ फेब्रुवारी, मोखाडा

रंजना,

तुझं पोस्टकार्ड पोहोचलं. बारा वर्षांतलं पहिलं. पोस्टमननं दोनदा वाचून मग दिलं, म्हणाला, "बहीण कमी बोलते." मी म्हटलं, घराण्यात तेवढी एकच.

एक ओळ. 'ही पत्रं हाक नाहीत कशावरून? पहिलं पत्र आल्यापासून माझे तळपाय शिवशिवतात.'

दोन दिवस उत्तर शोधलं. पहिल्या दिवशी वाटलं, वा, सोपं आहे, पत्र फाडता येतं, हाक फाडता येत नाही. दुसऱ्या दिवशी आधीची दोन्ही पत्रं मनात पुन्हा वाचली. कोंबडीच्या गमतीच्या शेवटी हळूच खोकला ठेवला. मग गाळणी. मग 'बोलावण्यासाठी लिहीत नाही' असं चारदा लिहिल्याचं आवर्जून कळवलं. रंजना, मी बावीस वर्षं अर्ज लिहितो. साहेबाचा हात सहीकडे कसा वळवायचा हा माझा धंदा आहे. विधवेच्या अर्जात चूल कुठल्या ओळीला विझवायची हे मला पाठ आहे. तेव्हा तुझे पाय शिवशिवले यात तुझ्या पायांची चूक नाही.

म्हणून आता धंदा बाजूला ठेवून एक गोष्ट लिहितो. ती वाचून तुला यावंसं वाटणार नाही, एवढी खात्री देऊ शकतो.

बारा वर्षांपूर्वी आई आजारी नव्हती. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी ती नागली दळत होती. तू कळवलं होतंस की परीक्षा आहे, शिमग्याला येणार नाही. आदल्या शिमग्यालाही आली नव्हतीस. पत्रात तू नाशकातल्या घरमालकीण सुषमाताईंबद्दल लिहिलं होतंस, त्यांच्या टीनाबद्दल लिहिलं होतंस. टीना चार वर्षांची, तुझ्याशिवाय जेवत नाही, तुला 'रंजूमावशी' म्हणते. पत्र वाचून मला राग आला. इथं माझ्याशी भांडायला कुणी उरलं नव्हतं आणि तिथं तुला नवीन घर मिळालं होतं. आणि दुसरं, जे मी पंचांनाही सांगितलं नाही. मला बघायचं होतं. जाणत्या माणसाला खरंच लागते का. एवढंच. शिवेवर गेलो तेव्हा हातात भेळेचा पुडा होता.

तीन हाका मारल्या. भेळ संपवली. घरी आलो. 

तू मंडईत टीनाचं बोट धरून उभी होतीस आणि तुझ्या हातातून ते सुटलं, हे तू जाताना सांगितलंस. बाकी काही सांगितलं नाहीस. पोर दोन तासांनी एका भाजीवालीजवळ सापडली. दोन तास म्हणजे किती, हे मी अजून मोजून बघतो कधी कधी. टेबलाशी बसून घड्याळ समोर ठेवतो. दोन तास बसवत नाही.

तू आलीस ती तिसऱ्या दिवशी. तोरंगण घाट उतरून, मोखाड्याच्या भर बाजारातून. उंबरा ओलांडलास आणि खाली बसलीस. पायात कुणाच्या तरी निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या, तुझ्या पायाला दोन बोटं मोठ्या. आईनं विचारलं, "कशी गं आलीस?" तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "आई आजारी होती." आईच्या हातात सूप होतं, ती नागली पाखडत होती.

परीक्षा बुडाली. वर्ष गेलं. पंचांनी बारा वर्षं दिली. मला ती थोडी वाटली असं म्हणालो तर तो पुन्हा अर्ज होईल, म्हणून म्हणत नाही.

आई घरी आली आहे. गोळ्या घेते. मीठ चोरून खाते. हे फक्त कळवलं.

तुळशीदास

ता. क. कोंबडी दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, परत जाऊन बसते. कुणी सांगत नाही.


२० फेब्रुवारी, वांगणी

रंजना,

हे सखीआजीच्या ओट्यावर बसून लिहितोय. वावर गावापर्यंत जीप, पुढे पाय. रस्ता मागच्या पावसात वाहून गेला तो अजून परत आलेला नाही. त्याला हाक मारणारा कुणी मिळाला नसावा.

आजी नव्वदीची झाली. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मला बघून म्हणाली, "आला का भेळवाला." म्हणजे तिला ठाऊक होतं. पंचांपुढे मी काही बोललो नव्हतो, पण शिव बघायला आली तेव्हा तिथं पडलेला भेळेचा कागद तिनं बघितला होता. बारा वर्षं ती मी सांगायची वाट बघत होती. मी म्हटलं, सहा दिवसांपूर्वी रंजनाला लिहून कळवलं. ती म्हणाली, "मग बस. पाणी पी."

पाणी पिऊन मी तिला विनंती केली. तुला हसू येईल. मी म्हटलं, "आजी, दोरा राहू दे."

"का रं?"

"बरं पडतं. आई म्हणते मार, तुषार म्हणतो मार, सगळ्यांना मनगट दाखवतो. लोकांना वाटतं, सुधारला. मलाही वाटतं."

आजी माझा हात धरून दोरा बघत बसली. इतका विटलाय की काळा म्हणवत नाही. मग म्हणाली, "बारा वर्षं तू गप नव्हतास. दोरा गप होता. आता तू गप राहून दाखव."

आणि तिनं गेल्या श्रावणातली गोष्ट सांगितली. चंद्राचं चार वर्षांचं पोर गुरांमागे गेलं आणि धुक्यात चुकलं. आजी शिवेवर जाऊन उभी राहिली, तर आवाजच फुटेना. वय झालं. दुसऱ्या दिवशी लोकांना पोर सापडलं, करवंदीच्या जाळीत, जिवंत, मुंग्यांनी खाल्लेलं. "तुझा घसा इथं असता तर घटकाभरात आलं असतं," आजी म्हणाली. "तुला शिक्षा दिली ती त्या पोरानं भोगली. आता पुरे."

विळा घेतला आणि दोरा तोडला. मला विचारलंही नाही. इतकी वर्षं संमतीवर प्रवचन देणारी बाई.

मी नुसता खाकरलो, तर उतारावरच्या दोन शेळ्यांनी मान वळवली. मी घाबरून तोंडावर हात ठेवला. आजी हसून हसून खोकली.

निघताना मी विचारलं, "आजी, आई मरायला टेकलीय. पोरीला बघायचं म्हणते. एकदा मारली, तिच्यासाठी, खरोखर तिच्यासाठी, तर काय बिघडलं? आई गेल्यावर रंजनालाच वाटेल, मारली असती तर बरं झालं असतं."

"वाटंल," आजी म्हणाली.

"मग?"

"मग काय. तिला वाटू दे. ते तिचं हाय. तू ते आधीच घेऊन टाकू नको."

उत्तर म्हणून मला ते पुरलं नाही. उतरताना पूर्ण वाट मी तिच्याशी मनात भांडत आलो. पण तोंड बंद ठेवून.

तुळशीदास


२१ फेब्रुवारी, मोखाडा

रंजना,

दोरा निघाला आहे. हे तुला ठाऊक असायला हवं, म्हणून पहिल्या ओळीत.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. जीपनं, सावकाश, तीन तासांचा प्रवास आईला चालेल. तेव्हा आम्ही येतो. सगळी वाट नाही, तुझ्या घरापर्यंत येऊन दार वाजवणं हीसुद्धा हाकच. २६ तारखेला आम्ही दोघं त्र्यंबकच्या एसटी स्टँडवर बसू. दहा ते चार. पाण्याच्या टाकीजवळचा बाक. आलीस तर आलीस. नाही आलीस तर आई भजी बघेल, मी खाईन, आणि परत येऊ. पुढचं पत्र दिवाळीला, नेहमीप्रमाणे, खोकला न घालता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "येडा हायस. इतकं लांब जायचं आन् ती येईल का ते ठाऊक नाय?"

मी म्हटलं, "हो."

तिनं नवीन लुगडं काढायला सांगितलं.

तुळशीदास


१ मार्च, मोखाडा

रंजना,

सहा पिल्लं निघाली. सातवं अंडं गेलं. हेल्मेट मोकळं झालं आहे, पण त्यात जे काही आहे ते धुऊन निघणारं नाही. पुंजा म्हणतो, एक पिल्लू तुझं, भाडं म्हणून.

त्र्यंबकला काय झालं ते तुझ्या बाजूनं तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूचं नाही, ते लिहितो.

साडेनऊलाच पोहोचलो. नाशिकची प्रत्येक गाडी लागली की आई उभी राहायची. मी म्हणायचो, बस. ती म्हणायची, तू बस. बारा वाजता तिनं भाकर खाल्ली. एक वाजता म्हणाली, गाडी चुकली असंल. दोन वाजता म्हणाली, दवाखान्यात रजा नसंल. अडीचची गाडी लागली तेव्हा ती उठली नाही. तीनला तिनं माझं मनगट धरलं, जिथं दोरा नव्हता तिथं.

"तुळशी, मार."

"आई."

"मी सांगते. पाप माझ्या डोक्यावर. मी मरणार हाय रं, मला कुणी सांगायला नको. एकदा तोंड बघू दे. ती रागावंल, रागावू दे. समोर बसून रागावू दे."

इतक्या जवळ, रंजना. नाशिक तिथून कितीसं. घसा मोकळा. नाव जिभेवर. मी आजपर्यंत आईला इतकं रडताना बघितलं नव्हतं, आणि माझ्याकडे तिच्या रडण्यावरचं औषध होतं आणि ते मी देत नव्हतो. बंदी आहे म्हणून, असं स्वतःला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. पंच लांब होते. आजोबा मेले होते. त्या वेळी मला एकच दिसलं. मंडईतली चार वर्षांची पोर आणि तिचं रिकामं बोट. तुझ्या हातात आता कुणाचं बोट आहे, कुणाची नाडी आहे, कुणाची सुई आहे, मला काय ठाऊक?

मी उठलो, गाड्यावरून पावशेर भजी घेतली आणि तीन भजी एकदम तोंडात कोंबली. कढईतून काढलेली. भरल्या तोंडानं हाक मारता येत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते जीभ भाजल्यामुळे. आई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, म्हातारीचा जीव चाललाय आणि हा हावरट भजी खातोय. ती भजी संपली तेव्हा दुसरी तीन कोंबली. असं मी पावणेचारपर्यंत केलं. दोन दिवस माझी जीभ कामाची नव्हती. पुंजानं पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि पावणेचारला तू समोरच्या रसवंतीतून बाहेर आलीस.

तू अकरापासून तिथं होतीस, हे तुझ्यासोबत आलेल्या टीनानं मला सांगितलं. ऊस पिळणाऱ्याच्या मागे बसून बघत होतात, मी मारतो का. "मावशी म्हणाली, चारपर्यंत नाही मारली तर जाऊ. मारली तर पाय बांधून घ्यायला ओढणी आणली होती." सोळा वर्षांची पोरगी किती सहज सांगून गेली. मला तुझा राग यायला हवा होता, आईला पाच तास ताटकळत ठेवलंस म्हणून. आला नाही. तो तुझा हक्काचा वेळ होता.

स्टँड ओलांडताना टीनानं तुझा हात धरला होता, घट्ट, जसं लहान पोरांना धरतात. मी बघितलं. 

तुम्ही दोघी काय बोललात ते मी ऐकलं नाही. मी लांब उभा होतो. आईनं तुला मारलं, मग जवळ घेतलं, मग तू तिचे पाय दाबून सूज बघितलीस आणि पिशवीतली मिठाची पुडी शोधून काढून फेकलीस. हे लांबून दिसलं. आई परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत बोलत होती आणि मग माझ्या खांद्यावर झोपली. शिमग्याला तू येणार का, हे तिनं तुला विचारलं असेल. मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

माझ्याशी तू बोलली नाहीस. पण जाताना टीनाकडून कागदात गुंडाळलेल्या त्या निळ्या पट्ट्याच्या चपला पाठवल्यास. टीना म्हणाली, "मावशी म्हणते, ह्या ज्यांच्या आहेत त्यांना परत करा. मोखाड्याच्या बाजारात एक बाई होती. मावशीचे पाय फुटले होते आणि तिला थांबता येत नव्हतं. म्हणून ती बाई मावशीबरोबर चालत चालत, एक एक पाय धरून, स्वतःच्या चपला तिच्या पायांत घालत गेली. नाव माहीत नाही. हाताला सुक्या मासळीचा वास होता."

रंजना, माझ्या टेबलापासून चार पावलं. बारा वर्षं. माझ्या प्रत्येक अर्जाला त्याच हातांचा वास आहे.

आज बाजार होता. चपला मी परवाच मोच्याकडून नीट करून आणल्या. पट्टे निळेच घातले. सकाळी कमूबाई टोपली मांडत होती, अनवाणी. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कमूबाई, तू चपला का गं घालत नाहीस?"

ती म्हणाली, "घालायची की. एक पोरगी चालली होती इथनं, रगत गळत होतं पायातनं. हाक लागलेली. तिला दिल्या. मग सवय झाली." आणि बोंबील झटकत म्हणाली, "कुण्या मेल्यानं मारली होती कुणास ठाऊक. किडं पडतील त्याच्या घशात."

मी म्हटलं, "भजी पडली."

"काय?"

"काही नाही."

गिऱ्हाईक आलं, ती वजनाकडे वळली. मी पिशवीतून चपला काढल्या आणि तिच्या टोपलीशेजारी ठेवल्या, तिच्याकडे तोंड करून, उठलं की पाय सरळ आत जावा अशा. आणि टेबलाशी येऊन एका म्हाताऱ्याचा रेशनकार्डाचा अर्ज लिहायला घेतला. तीन ओळी झाल्या तरी वर बघितलं नाही. मग बघितलं. कमूबाई चपलांकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या मनगटावर दोरा असायचा तिथं बघितलं. मग चपलांत पाय घातले. 

थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, "ए अर्जवाल्या, ऊन आलं. टोपली सावलीत घ्यायचीय, हात लाव."

म्हाताऱ्याला थांबायला सांगितलं आणि उठून गेलो.

तुळशीदास